रिकामी गॅलरी आणि पंचांची शिट्टी

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये ‘होम’ आणि ‘अवे’ हा भेदच नाही. पाटाकडील तालीम असो, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल किंवा प्रॅक्टिस क्लब, सगळ्यांची झुंज राजर्षी शाहू स्टेडियमवरच होते. कुठलाही संघ रात्रभर बसमध्ये अवघडून सामन्याला येत नाही. खेळाडू पेठेतून निघतात आणि थोड्या वेळात मैदानावर पोहोचतात. ऊन, वारा, मैदानातले खड्डे दोघांना सारखेच. तरीही कुठल्याही जुन्या फुटबॉलशौकिनाला विचारा, तो ठामपणे सांगेल की आज गॅलरी कुणाची आहे त्यावर सामना फिरतो.

हे म्हणणं तपासून पाहण्यासारखं आहे. जगभरच्या साखळी स्पर्धांमध्ये यजमान संघ जास्त सामने जिंकतो, हे एकोणिसाव्या शतकापासून दिसत आलं आहे. पण का जिंकतो? पाहुण्यांना प्रवासाचा शीण असतो, यजमानांना मैदानाचा कोपरा न् कोपरा माहीत असतो. बोलिव्हियाचं ला पाझ सुमारे 3,600 मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत 2009 मध्ये अर्जेंटिनासारखा संघ 6-1 असा हरला. शिवाय स्वतःच्या मैदानावर उतरण्याआधी खेळाडूंच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं असतं, आणि समोर कट्टर प्रतिस्पर्धी असेल तर आणखी वाढतं, असं इंग्लंडमधल्या संशोधकांना आढळलं होतं. या सगळ्या गुंत्यात प्रेक्षकांचा वाटा किती, हे वेगळं काढायचं तर बाकी सगळं तसंच ठेवून फक्त प्रेक्षक बाहेर काढायला हवेत. असा प्रयोग करायला कुठला क्लब तयार झाला असता?

कोरोनाने तो करायला लावला. 16 मे 2020 रोजी जर्मनीची अव्वल फुटबॉल लीग बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली. लीग थांबण्याआधी यजमान संघ सुमारे 43 टक्के सामने जिंकत होते. त्यानंतरच्या सामन्यांत हे प्रमाण 33 टक्क्यांच्या आसपास आलं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा 2020-21 चा हंगाम जवळजवळ पूर्णपणे प्रेक्षकांविना झाला. त्यातल्या 380 सामन्यांपैकी यजमानांनी 144 जिंकले आणि पाहुण्यांनी 153. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये पाहुणे यजमानांच्या पुढे जाण्याची ही पहिलीच वेळ होती. अ‍ॅनफिल्डवर लीगचे सलग 68 सामने न हरलेला लिव्हरपूल जानेवारी 2021 मध्ये बर्नलीकडून हरला आणि हा धरून घरच्या मैदानावर लीगमध्ये ओळीने सहा पराभव झाले. अर्थात तेव्हा लिव्हरपूलची बचावफळी दुखापतींनी पार मोडकळीला आली होती. एका क्लबची कहाणी कितीही चटका लावणारी असली, तरी तो पुरावा होत नाही.

पुरावा हवा तर हजारो सामने एकत्र पाहावे लागतात. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 11 देशांतल्या 15 लीगमधले 4,844 सामने तपासले. प्रेक्षक असताना यजमान संघ पाहुण्यांपेक्षा सामन्याला सरासरी 0.29 गोल जास्त करत होता. रिकाम्या स्टेडियममध्ये हा फरक 0.15 वर आला. म्हणजे जवळपास निम्मा. उरलेला निम्मा प्रवास, सवय आणि इतर कारणांचा म्हणता येईल. सगळ्या लीगमध्ये घट सारखी नव्हती आणि काही अभ्यासांत निकालांवरचा परिणाम यापेक्षा बराच कमी दिसला. पण एका बाबतीत बहुतेक अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात: पंच.

प्रेक्षक गेले आणि पाहुण्या संघाला मिळणारी यलो कार्ड कमी झाली. 17 देशांतल्या सामन्यांच्या एका अभ्यासात ही घट सामन्यामागे एक तृतीयांश कार्डाची निघाली. आकडा छोटा वाटेल, पण दुसरं यलो कार्ड म्हणजे थेट मैदानाबाहेर, म्हणून कार्ड मिळालेला बचावपटू पुढचा प्रत्येक टॅकल, म्हणजे चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न, हात राखून करतो.

आवाज शिट्टीपर्यंत कसा पोहोचतो, हे दाखवणारा एक सुंदर प्रयोग 2002 मध्ये प्रसिद्ध झाला होता. लिव्हरपूल आणि लेस्टर सिटी यांच्या सामन्यातले 47 टॅकल 40 प्रशिक्षित पंचांना व्हिडिओवर दाखवले गेले. काहींना स्टेडियमच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. टॅकल तेच, कॅमेरा तोच. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाऊल दिले. मला यातला बारकावा फार महत्त्वाचा वाटतो. त्या पंचांनी पाहुण्यांविरुद्ध मुद्दाम जास्त फाऊल शोधले नाहीत. यजमानांविरुद्ध शिट्टी फुंकायच्या क्षणी ते थबकले. टॅकल संशयास्पद असतो, डोळ्यांची खात्री नसते, निर्णय मात्र लगेच द्यायचा असतो. अशा वेळी मेंदू मिळेल त्या खुणेचा आधार घेतो आणि हजारो लोकांचा एकदम उठलेला ओरडा ही फार मोठी खूण असते. ही लबाडी नव्हे, पंचाला स्वतःलाही हे जाणवत नाही.

वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून पंच शेवटी जो ज्यादा वेळ देतात, त्यातही हे दिसतं. स्पॅनिश लीगच्या अभ्यासात यजमान एका गोलने मागे असेल तर पंच सरासरीपेक्षा सुमारे 35 टक्के जास्त वेळ देत होते आणि एका गोलने पुढे असेल तर 29 टक्के कमी. फरक दोन गोलांचा झाला की हा कल नाहीसा व्हायचा, कारण तेव्हा दोन-तीन मिनिटांनी काही बिघडत नाही. इटलीत 2007 मध्ये कातानियातल्या दंगलीत एका पोलिसाचा जीव गेल्यावर असुरक्षित स्टेडियममधले काही सामने प्रेक्षकांविना खेळवले गेले. तिथेही खेळाडूंचा खेळ फारसा बदलला नाही, बदलले ते पंचांचे निर्णय.

खेळाडूंवर काहीच परिणाम होत नाही असं मात्र नाही. त्या 4,844 सामन्यांत यजमानांची आक्रमणंही मंदावली होती. ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्ग संघाच्या सामन्यांचे व्हिडिओ तपासले तेव्हा रिकाम्या स्टेडियममध्ये वाद, हुज्जत, हातवारे अशा भावनिक प्रसंगांत जवळपास एक पंचमांश घट दिसली. आपला कोल्हापूरचा फुटबॉलपटू अनिकेत जाधव 2020-21 मध्ये जमशेदपूरकडून आयएसएल (इंडियन सुपर लीग) खेळला, तेव्हा अख्खी स्पर्धा गोव्यातल्या तीन मैदानांवर बंद दाराआड झाली होती. प्रेक्षक नाहीत, प्रवास नाही. ‘यजमान’ हा शब्द फक्त वेळापत्रकावर उरला होता.

शाहू स्टेडियमचं याच्या बरोबर उलट आहे. मैदान एकच, प्रवास शून्य, पण हलगी-घुमक्याचा दणका, झेंडे आणि पेठेची ईर्षा पुरेपूर. जगात याच्या जवळ जाणारं उदाहरण म्हणजे मिलानसारख्या शहरांतले एकाच स्टेडियमचे दोन संघ. इटलीतल्या अशा सामन्यांच्या अभ्यासात असं निघालं की कागदोपत्री यजमान असलेल्या संघालाच फायदा मिळतो. मैदान दोघांच्याही सवयीचं, मात्र सीझन तिकिटांमुळे बहुसंख्य प्रेक्षक यजमानांचे असतात. म्हणजे कोल्हापूरच्या शौकिनाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

आणि म्हणूनच ‘पंच विकला गेलाय’ ही आरोळी मला मनापासून खटकते. विज्ञान जे सांगतं त्यात पंच विकला गेलेला नाही. तो माणूस आहे आणि त्याच्या कानावर पेठेच्या पेठा तुटून पडल्या आहेत. युरोपातला पंच सामना संपवून दुसऱ्या गावी जातो. आपले बहुतेक पंच याच शहरातले, उद्या सकाळी त्याच चौकात चहाला उभे राहणारे. त्यांच्यावरचा दाब नव्वद मिनिटांत संपत नाही.

कोल्हापुरात हे मोजणं अवघड नाही. पाटाकडील आणि शिवाजीच्या सामन्यात दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या तुडुंब असतात, आवाज तुल्यबळ असतो. मोठ्या तालमीसमोर लहान मंडळाचा संघ आला की गॅलरी एका बाजूला कलते. मैदान तेच, पंचही त्यांच्यातलेच. एका हंगामात प्रत्येक सामन्याला तीन गोष्टी टिपाव्यात: मोबाईलवर मोजलेली दोन्ही गॅलऱ्यांच्या आवाजाची पातळी, दोन्ही संघांना मिळालेले फाऊल आणि कार्ड, आणि एका गोलचा फरक असताना पंचांनी दिलेला ज्यादा वेळ. शहरातल्या महाविद्यालयांतल्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प सहज पेलेल. सामन्याला तर ते तसेही येणारच आहेत.