विश्वासघातातला तिसरा माणूस

मित्राने उसने घेतलेले पैसे वेळेवर परत केले नाहीत, तर राग येतो. त्याच मित्राने आपली पैशांची ओढाताण चारचौघांत हसत हसत सांगितली, तर जे होतं त्याला नुसता राग म्हणणं अपुरं आहे. दुसऱ्या प्रसंगात खिशाला काहीच झळ लागलेली नसते. तरीही कित्येक वर्षांनी माणूस सांगत बसतो तो दुसराच प्रसंग.

असं का होतं, हे मानसशास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वाटांनी तपासलं आहे. त्यांचं काम एकत्र ठेवून वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मित्राने दगा दिला की आपण तो दोघांतला मामला समजतो. प्रत्यक्षात तिथे बहुतेक वेळा तिसरं कुणीतरी असतं.

ऑक्सफर्डचे मायकेल अर्गाईल आणि मोनिका हेंडरसन यांनी १९८४ मध्ये मैत्रीचे अलिखित नियम शोधायचं ठरवलं. ब्रिटन, इटली, हाँगकाँग आणि जपानमधल्या लोकांना त्यांनी विचारलं की मित्राने काय केलंच पाहिजे आणि काय करता कामा नये. अडीअडचणीला न बोलावता धावून येणं, आपल्या यशाची बातमी सांगणं, धीर देणं हे अपेक्षेप्रमाणे आलं. पण मोडलेल्या मैत्रीबद्दल विचारल्यावर जी कारणं वर आली, त्यांतली काही पाहण्यासारखी आहेत. दुसऱ्या मित्रांवरून जळणं. विश्वासाने सांगितलेलं तिसऱ्याच्या कानावर घालणं. लोकांसमोर उणंदुणं काढणं. यातलं एकही तिसऱ्या माणसाशिवाय घडूच शकत नाही. आपल्या माघारी आपली बाजू घेणं हाही त्यांच्या यादीतला ठळक नियम होता, आणि ‘माघारी’ म्हटलं की समोर कुणीतरी बसलेलं असतंच.

हे असं का, याचं मला सर्वांत पटणारं उत्तर पीटर डिशिओली आणि रॉबर्ट कर्झबान यांनी २००९ मध्ये मांडलं. मैत्री म्हणजे देवाणघेवाण, तू मला मदत कर मी तुला करतो, असा विचार उत्क्रांतीच्या अभ्यासात बराच काळ चालत आला होता. अडचण ही, की खरे मित्र हिशेब ठेवत नाहीत. उलट, चहाचे पैसे दुसऱ्याच मिनिटाला कुणी हातावर ठेवले तर आपण दुखावतो. डिशिओली आणि कर्झबान यांचं म्हणणं असं की मैत्री ही भांडणाच्या दिवसासाठी आधीच करून ठेवलेली आघाडी आहे. उद्या माझं कुणाशी वाजलं तर कोण कुणाच्या बाजूला उभं राहील, हे मन सतत जोखत असतं. मग मित्र किती गुणी आहे याइतकंच, त्याच्या मनातल्या क्रमवारीत मी कितवा आहे, हेही महत्त्वाचं ठरतं.

पुढे २०११ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मायस्पेस या संकेतस्थळावरच्या सुमारे १ कोटी १० लाख वापरकर्त्यांची माहिती तपासली. तिथे आपल्या जवळच्या मित्रांची क्रमवार यादी सगळ्यांना दिसेल अशी लावायची सोय होती. कोण कुणाला पहिल्या जागी ठेवतो याचा अंदाज कशावरून सर्वांत चांगला बांधता येत होता? तो दुसरा आपल्याला कितव्या जागी ठेवतो यावरून. एकाच गावचे असणं, एकाच वयाचे असणं या गोष्टी त्यापुढे फिक्या पडल्या.

आता चारचौघांतला तो प्रसंग पुन्हा पाहा. मित्राने आपलं गुपित सांगून तिथल्या लोकांचं हसू मिळवलं. म्हणजे त्या घटकेला त्यांच्यासमोर भाव खाणं त्याला आपल्या अब्रूपेक्षा मोलाचं वाटलं. आपली जागा जिथे आहे असं आपण धरून चाललो होतो, तिथे ती नव्हती, ही बातमी त्यातून मिळते. आणि ती मागच्या सगळ्या वर्षांना लागू होते. म्हणून विश्वासघात झालेला माणूस जुन्या आठवणी उकरत बसतो: तेव्हा तो खरंच आजारी होता का, त्या दिवशी फोन का उचलला नव्हता. लोक याला संशयी स्वभाव म्हणतात. मला तो अगदी समंजस हिशेब वाटतो, कारण आधीच्या प्रत्येक प्रसंगाचा अर्थ नव्याने लावावा लागणार असतो.

नुकसान आणि दगा यांत मन किती फरक करतं, हे अमेरिकेतल्या दोन प्रयोगांनी फार सुरेख दाखवलं. जोनाथन कोहलर आणि अँड्र्यू गर्शॉफ यांनी २००३ मध्ये एअरबॅग, धुराची सूचना देणारी यंत्रं, लसी अशा रक्षण करणाऱ्या गोष्टी घेतल्या. जीव वाचवायला बसवलेल्या वस्तूनेच जीव घेण्याची किंचित शक्यता आहे असं कळलं, की एकूण धोका कमी असला तरी पुष्कळ लोक ती वस्तू नाकारत होते. राखणदारानेच घात करणं त्यांना इतकं असह्य होतं की ते टाळण्यासाठी ते जास्त धोका पत्करायला तयार होते. निर्जीव वस्तूच्या बाबतीत ही गत!

दुसरा प्रयोग आयरिस बोनेट आणि रिचर्ड झेकहाउझर यांचा, २००४ चा. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. सुरक्षित वाट घेतली तर तुम्हाला १० गुण आणि समोरच्या अनोळखी माणसाला १० गुण, आणि या गुणांचे नंतर खरे पैसे मिळणार. धोक्याची वाट घेतली तर निर्णय समोरच्याच्या हाती जातो. त्याने प्रामाणिकपणा दाखवला तर दोघांना १५-१५, आणि त्याने डाव साधला तर त्याला २२ आणि तुम्हाला ८. चांगला निकाल लागण्याची शक्यता निदान किती असेल तर तुम्ही धोका पत्कराल? निव्वळ गणित सांगतं की सातपैकी दोन वेळा चांगला निकाल लागणार असेल तर दोन्ही वाटा सारख्याच. खेळाच्या दुसऱ्या प्रकारात गुण तेच, फक्त निकाल माणसाऐवजी चिठ्ठी काढून ठरणार होता. चिठ्ठी असताना लोक साधारण एक तृतीयांश शक्यतेवर धोका घ्यायला तयार झाले. माणूस असताना मात्र त्यांना निम्म्याहून जास्त खात्री हवी होती. तोटा दोन्हीकडे एकच, दोन गुणांचा. पण नशिबाने नेलेले दोन गुण आणि माणसाने नेलेले दोन गुण यांची किंमत सारखी नव्हती. पुढे ब्राझील, चीन, ओमान, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान आणि अमेरिका अशा सहा देशांत हा प्रयोग झाला, आणि हा कल सर्वत्र दिसला. अनोळखी माणसाच्या बाबतीत जर हे इतकं तीव्र, तर ज्याला घरच्या चाव्या दिल्या त्याच्याबद्दल काय होत असेल!

या वेदनेचं मेंदूत काय होतं याबद्दल एक गोष्ट फार पसरली आहे. २००३ मध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी स्कॅनरमध्ये झोपलेल्या लोकांना संगणकावर चेंडू फेकाफेकीचा खेळ दिला. थोड्या वेळाने दुसरे दोन खेळाडू आपसांतच चेंडू फेकू लागत. तेव्हा मेंदूचा जो भाग सक्रिय झाला, तो शारीरिक दुखण्यातही सक्रिय होतो. त्यावरून ‘मन दुखणं आणि हाड मोडणं मेंदूला एकच’ असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. २०१४ मध्ये टोर वेगर यांच्या गटाने जास्त बारकाईने पाहिलं, तेव्हा एकाच भागात असूनही दोन्हींच्या वेळचे सक्रियतेचे नमुने वेगळे निघाले. दुखणं खरंच आहे, पण ते त्याचं स्वतःचं दुखणं आहे.

इथवर आपण ज्याचा गळा केसाने कापला गेला त्याच्या बाजूने पाहिलं. कापणाऱ्याचं काय? मला या साऱ्या संशोधनात सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच वाटतो.

रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये लोकांना प्रत्येकी दोन हकिकती लिहायला सांगितल्या. एक, कुणी तरी तुम्हाला संताप आणला ती. दुसरी, तुम्ही कुणाला तरी संताप आणला ती. लिहिणारी माणसं तीच, म्हणजे चांगली आणि वाईट अशी दोन टोळकी इथे नाहीत. तरी हकिकतींची जात बदलली. दुखावलेला म्हणून लिहिताना गोष्ट खूप आधी सुरू होते, एकावर एक अपमान साचत जातात, आणि ती अजून संपलेली नसते. दुखावणारा म्हणून लिहिताना तोच माणूस एकच सुटी घटना सांगतो. काही कारणं होती, नाइलाज होता, समोरच्याने जरा जास्तच मनाला लावून घेतलं, आणि आता ते सगळं मागे पडलं आहे.

आर्लिन स्टिलवेल आणि बाउमायस्टर यांनी १९९७ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. यावेळी सगळ्यांना एकच तयार गोष्ट वाचायला दिली. एक विद्यार्थी दुसऱ्याला अभ्यासात मदत करायचं कबूल करतो, काही कारणांनी ते करत नाही, आणि दुसऱ्याचं बरंच नुकसान होतं. काहींना ती मदत न मिळालेला म्हणून ‘मी’ लावून पुन्हा सांगायची होती, काहींना शब्द मोडणारा म्हणून, आणि काहींना त्रयस्थपणे. त्रयस्थांच्या तुलनेत दोन्ही बाजूंनी तपशील गाळले आणि वाकवले, जवळजवळ सारख्याच प्रमाणात. एकाने शब्द मोडण्यामागची कारणं गाळली, दुसऱ्याने नुकसान लहान केलं. खरं तर यातलं कुणाच्याही आयुष्यात घडलेलं नव्हतं! भूमिका हातात आली एवढ्यानेच आठवण एका बाजूला कलली.

म्हणून दोन जुने मित्र ‘नक्की काय झालं ते एकदा बसून बोलू’ म्हणतात आणि आणखी दूर जाऊन उठतात. दोघेही खोटं बोलत नसतात. एकजण दहा वर्षांची गोष्ट सांगत असतो, दुसरा एका संध्याकाळची.

गैरसमजातून झालेल्या घावाचं काय करायचं, याचा एक धडा संगणकी खेळांतून मिळतो. रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड यांच्या १९८० च्या गाजलेल्या स्पर्धेत संगणकाचे प्रोग्रॅम जोडीजोडीने खेळत, आणि दर फेरीत साथ द्यायची की दगा, हे प्रत्येकाला ठरवायचं असे. तिथे ‘जशास तसं’ ही अनातोल रॅपोपोर्ट यांची साधी चाल, म्हणजे आधी साथ आणि मग समोरच्याची मागची खेळी परत करणं, जिंकली, हे अनेकांनी वाचलं असेल. पण त्या खेळात निरोप कधी चुकत नव्हता. चुकून एखादी खेळी उलटी पडू लागली, की ‘जशास तसं’ खेळणारे दोघे एकमेकांना आळीपाळीने मारत राहतात. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमंड यांनी १९९२ मध्ये दाखवलं की अशा चुकांच्या जगात थोडी उदार चाल जास्त टिकते. या खेळात नेहमी धरले जाणारे गुण घेतले तर ते प्रमाण साधारण तीन दग्यांपैकी एक सोडून देण्याचं निघतं. तीनही सोडून देणारा लुटला जातो, हेही त्याच गणितात आहे.

माफीचंही असंच आहे. मायकेल मॅककलो यांच्या गटाने २०१४ मध्ये दुखावलेल्या लोकांचा काही दिवस पाठपुरावा केला. माफी मागणं, भरपाई देऊ करणं, चूक कबूल करणं यांनी राग निवळला, कारण त्यामुळे दोन अंदाज बदलले: हे नातं मोलाचं आहे, आणि हा पुन्हा असं करेल याची भीती कमी आहे. ‘माझा नाइलाज होता’ ही सबब इतकी का झोंबते, ते इथे कळतं. परिस्थितीने भाग पाडलं म्हणजे तशीच परिस्थिती आली की हा पुन्हा तेच करणार.

आणि बहुतेक माफ्या मागितल्या जातात दोघांतच. एकट्यात गाठून, नाहीतर रात्री उशिरा लांबलचक मेसेज पाठवून. त्यात पश्चात्ताप खरा असतो. पण ज्यांच्यासमोर ते गुपित फुटलं, ज्या ग्रुपवर तो स्क्रीनशॉट फिरला, त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही. क्रमवारी त्यांच्यासमोर घसरली होती, तर ती सावरायलाही त्यांच्यासमोरच जावं लागेल असं मला वाटतं. ‘त्या दिवशी मी जे सांगितलं ते सांगायचा मला हक्क नव्हता’ हे वाक्य मित्राला ऐकवण्याआधी त्या तिघाचौघांना ऐकवायला हवं, आणि तेही मित्र तिथे नसताना.