तापलेल्या पोलादाचा ‘ग्रेन साइज’: लेझर-अल्ट्रासाउंडची पार्श्वभूमी

पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सुरुवात 1860 च्या दशकात शेफिल्डमध्ये झाली. पोलाद असते सूक्ष्म स्फटिकांचे, म्हणजेच कणांचे (ग्रेन) बनलेले; कण बारीक तेवढे पोलाद मजबूत, हे नाते 1950 च्या दशकात सूत्रात बसले. पण तुकडा कापून, घासून, आम्ल लावून कणांचे माप हाती येईपर्यंत मिलमधला माल केव्हाच पुढे गेलेला असतो.

ध्वनिलहरी कणांवर विखुरतात, हे 1940 च्या दशकातच ठाऊक होते. मात्र 1000 अंशांच्या पोलादाला ध्वनी सोडणारा-ऐकणारा प्रोब टेकवणार कसा? 1960 मध्ये लेझर आला. पृष्ठभाग क्षणभर तापवला की धातूत लहर उठते, याचे गणित 1963 मध्ये छापून आले. रखडली ती ऐकण्याची बाजू. खडबडीत पृष्ठभागावरची सूक्ष्म थरथर प्रकाशाच्या साहाय्याने टिपणारे उपकरण, इंटरफेरोमीटर, कॅनडात 1980 च्या दशकात तयार झाले. 2000 नंतर लवकरच ओहायोतल्या एका कारखान्यात, तापलेल्या विनाजोड नळ्यांवर, हे तंत्र बसले. मुख्य काम भिंतीची जाडी मोजण्याचे. प्रतिध्वनी किती झपाट्याने विरतात, त्यावरून कणांचे मापही निघू लागले.

लेझरचे हे माप बरोबर की चूक, हा वाद पेटला तो इथे. ‘ग्रेन साइज’ म्हणजे नेमके काय? गरम पोलादात कण असतात ऑस्टेनाइटचे, म्हणजे लोखंडाच्या उच्च तापमानातल्या स्फटिक-रूपाचे. थंड होताना ते मोडून फेराइट वगैरे दुसरी स्फटिक-रूपे बनतात, म्हणजे प्रयोगशाळेत पोहोचतो तो वेगळाच पदार्थ. ऑस्टेनाइट-कणांच्या जुन्या सीमा दिसाव्यात म्हणून नमुना पाण्यात झटकन थंड करून पिक्रिक आम्लाने कोरतात. कमी कार्बनच्या पोलादात त्या बऱ्याचदा धड उमटतच नाहीत. तरी लेझरच्या आकड्याचे कॅलिब्रेशन (ताळमेळ) अशाच नमुन्यांच्या सूक्ष्मदर्शकातल्या फोटोंवरून झाले. परीक्षकच अंधुक डोळ्यांचा!

शिवाय सरासरी कोणती? फोटोत रेषा मारून काढलेल्या सरासरीत लहान कणही बरोबरीने मोजले जातात. ध्वनीचे तसे नाही. कणांपेक्षा लहर बरीच लांब असेल, तर क्षीणन (लहरीचे विरणे) कणाच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते: व्यास दुप्पट, क्षीणन आठपट. मूठभर मोठे कण निकाल आपल्याकडे ओढतात. लेझर चुकतो, असे म्हणणाऱ्यांनी आधी सरासरी जुळवून घ्यायला हवी होती. (त्यात प्रमाणित ग्रेन नंबर उलटा चालतो: आकडा मोठा, कण लहान.)

पुढे प्रयोगशाळेतल्या तापन-यंत्रांना हे लेझर जोडले गेले. पूर्वी कणवाढीच्या एका आलेखासाठी आलेखावरच्या प्रत्येक बिंदूसाठी वेगळा नमुना थंड करावा लागे; आता एकच नमुना भट्टीत ठेवून, दर काही क्षणांनी लेझरचा एक ठोका मारला की पुरते.