ग्रेडेड इंडेक्स फायबर : कोअरमधला बदलता अपवर्तनांक

ऑप्टिकल फायबर म्हणजे प्रकाशातून संदेश नेणारा काचेचा बारीक धागा, त्याचा मधला भाग कोअर आणि त्याभोवतीचं आवरण क्लॅडिंग. कोअरमध्ये अपवर्तनांक (तो जितका जास्त तितका प्रकाश त्या काचेतून हळू जातो) सगळीकडे सारखा न ठेवता मधोमध सर्वात जास्त आणि क्लॅडिंगकडे जाताना हळूहळू कमी करत नेला की त्याला ग्रेडेड इंडेक्स फायबर म्हणतात. मधून जाणारा किरण कमी अंतर कापतो पण हळू जातो, कडेने वळसा घेणारा लांब जातो पण वेगात, त्यामुळे दोघं जवळपास सोबतच पोचतात आणि संदेशाचा ठोका पसरत नाही. नागपूरकरांना हे सांगायला नको, सीताबर्डीतून अंतर कमी पण गाडी रांगते, रिंग रोडने लांब पडतं पण वेळ तेवढाच.

ही कल्पना पहिली कोणाची यावर मात्र एकमत नाही. बदलत्या अपवर्तनांकाच्या माध्यमाचं गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८५४ च्या सुमारास मांडलं होतं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुडने जिलेटिनच्या नळकांड्यात असा उतार तयार करून ते लेन्ससारखं वागतं हे दाखवलं, पण त्यात संदेशवहनाचा विचार नव्हता. जपानमध्ये निशिझावा आणि सासाकी यांनी १९६४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तर अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या स्टुअर्ट मिलरचा लेख १९६५ चा. अमेरिकन लिखाणात मिलर आधी येतो, तारखा बघितल्या तर निशिझावांचं पारडं जड वाटतं. प्रत्यक्ष फायबर 'सेलफॉक' नावाने १९६८ मध्ये निप्पॉन शीट ग्लास आणि एनईसी या जपानी कंपन्यांनी आणला, त्यामुळे निदान हाती येणारी वस्तू जपानचीच.

उताराचा आकार अल्फा या घातांकाने सांगतात. अल्फा २ म्हणजे पॅराबोला, अनंत म्हणजे सरळ पायरी, तोच स्टेप इंडेक्स. ग्लोगे आणि मार्काटिली यांनी १९७३ मध्ये दाखवलं की सर्वात चांगला अल्फा २ पेक्षा किंचित कमी असतो. कोअर आणि क्लॅडिंगच्या अपवर्तनांकात १ टक्का फरक धरला तर स्टेप इंडेक्समध्ये किलोमीटरमागे सुमारे ५० नॅनोसेकंदांचा पसारा (सगळ्यात आधी आणि सगळ्यात शेवटी पोचणाऱ्या किरणांतलं अंतर) होतो, तोच आदर्श उतारात कागदावर ०.१ नॅनोसेकंदाच्याही खाली येतो. प्रत्यक्षात एवढं मिळत नाही, कारण काचेत अल्फा जरा सरकला की गणित बिघडतं, आणि सर्वात चांगला अल्फा तरंगलांबीनुसारही बदलतो.

अपवर्तनांक वाढवायला सिलिकात, म्हणजे फायबरच्या काचेत, जर्मेनियम डायऑक्साइड मिसळतात आणि कमी करायला फ्लोरिन. बेल लॅब्जमध्ये मॅकचेस्नींनी १९७४ च्या सुमारास आणलेल्या एमसीव्हीडी या फायबर बनवण्याच्या पद्धतीत काचेच्या नळीच्या आतून थरावर थर चढवतात, शेवटी नळी तापवून मिटवताना आतल्या थरातलं जर्मेनियम उडून जातं आणि बरोबर मधोमध अपवर्तनांकाला खड्डा पडतो. एलईडीच्या पसरट प्रकाशाला तो फारसा जाणवत नाही, लेझरचा प्रकाश मात्र बराचसा मध्यातूनच जातो म्हणून त्याला नडतो. जपानच्या व्हीएडी पद्धतीत नळी नसते, काचेचा दांडा टोकाकडून वाढवत नेतात, मध्ये भोकच नसतं, त्यामुळे ही कटकट टळते.

अशा फायबरचा कोअर ५० किंवा ६२.५ मायक्रॉन रुंद, क्लॅडिंगसकट बाहेरून दोन्ही १२५. या केबलचे दर्जे ओएम१, ओएम३ अशा नावांनी ओळखतात. सेकंदाला दहा गिगाबिट वेगाला जुन्या ६२.५ वाल्या ओएम१ वर जेमतेम ३३ मीटर मिळतात, ५० वाल्या ओएम३ वर ३००. कॅम्पस, सर्व्हर रूम इथे हीच केबल, ओएम१ केशरी, ओएम३ फिकट निळसर. नागपुरात घरोघरी येणारं फायबर मात्र सिंगल मोड, म्हणजे प्रकाशाला एकच वाट देणारं, त्याचा पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी तार) बहुधा पिवळा असतो आणि कोअर ९ मायक्रॉनच्या आसपास, तिथे किरणांची शर्यतच नाही.

मे महिन्यातल्या ४५ अंशांचं काय, असं इथली पोरं हमखास विचारतात. सिलिकाचा अपवर्तनांक अंशामागे साधारण ०.००००१ ने वाढतो, पण कोअर आणि क्लॅडिंग दोन्ही जवळपास सारखेच वर सरकतात, त्यामुळे दोघांतला फरक आणि उताराचा आकार जवळजवळ तसाच राहतो.