रिपोर्टातलं ‘वाइल्ड’

रत्नागिरीत आमच्या आळीतले एक काका धाकट्या भावाच्या मेंदूतल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट घेऊन सकाळीच आले. रात्रीच्या गाडीने मुंबईहून आलेले, डोळे तांबारलेले. ‘आयडीएच वाइल्ड टाइप’ या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “वाइल्ड म्हणजे रानटीच ना रे? पण म्युटेशन नाही असंही लिहिलंय. म्हणजे त्यातल्या त्यात बरं?”

दोन्ही अंदाज उलटे. ‘वाइल्ड टाइप’ म्हणजे जनुक निसर्गात असतं तसंच, न बदललेलं. आणि ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या आधार-पेशींपासून होणाऱ्या गाठींत आयडीएच नावाचं जनुक बदललेलं असणं हीच बरी बातमी! हा बदल २००८ साली लक्षात आला. तो असलेले रुग्ण बहुधा तरुण असतात आणि जास्त जगतात. हा फरक एवढा मोठा की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात मोठ्यांमधलं ‘ग्लायोब्लास्टोमा’ (सर्वांत आक्रमक ग्लायोमा) हे नाव फक्त बदल नसलेल्या गाठींना उरलं. सूक्ष्मदर्शकाखाली तशीच दिसणारी, पण आयडीएच बदललेली गाठ आता ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड ४.

हे काकांना सांगताना जीभ जड झाली. मग खालची ओळ दिसली: एमजीएमटी मेथिलेटेड.

मिरकरवाडा बंदरात फाटकी जाळी सांधत बसलेली माणसं काकांनी जन्मभर पाहिलीत, म्हणून तेच उदाहरण दिलं. टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या गाठीतल्या पेशींच्या डीएनएला इजा करतात. एमजीएमटी हे प्रथिन ती इजा दुरुस्त करतं, म्हणजे औषधाचं काम उसवतं. त्या प्रथिनाच्या जनुकावर मेथिलेशनची रासायनिक खूण बसली की ते जनुक गप्प होतं. जाळं फाटलेलंच राहतं.

२००५च्या एका मोठ्या अभ्यासात रेडिएशनसोबत या गोळ्या घेतलेल्यांपैकी मेथिलेटेड गटाचं मध्यक आयुष्य २१.७ महिने होतं, उरलेल्यांचं १२.७.

“म्हणजे एकवीस महिने?”

नाही काका. मध्यक म्हणजे निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्यानंतरही होते. त्या गटातले ४६ टक्के दोन वर्षांनंतर हयात होते. शिवाय वय, तब्येत, शस्त्रक्रियेत किती गाठ निघाली, यावरही बरंच ठरतं. जनुक फक्त सांगतं, कुठल्या घोळक्यात उभं राहून मोजायचं.

काकांनी रिपोर्टाची घडी घातली. “रेडिएशन किती दिवस?”

“साधारण सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस.”

“मग परळला खोली बघायला हवी,” म्हणत ते उठले.