फ्रँचायझी नावाची शिवी: एएफसी विम्बल्डनच्या नव्या सीझनमागची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२५ मधे सीझन सुरू झाल्यापासून पुण्यातले मित्र विचारतायत, अरे तुझा तो क्लब तिसऱ्या डिव्हिजनला चढला तर तू एवढा नाचतोयस कशाला, तिसरी म्हणजे तिसरीच ना. बरोबर आहे. पण एएफसी विम्बल्डनचं नुसतं टेबल बघून काही कळत नाही, मागचं माहीत पाहिजे. म्हणून एकदाच लिहून ठेवतो, दर वेळी नव्याने टाईप करायला नको. (टेनिसवालं विम्बल्डन ते हेच, तो जोक करून झालेला आहे.)

आधी आत्ताचं. २६ मे २०२५ ला वेम्ब्लीवर लीग टूची (म्हणजे वरून चौथी डिव्हिजन, तिसरी ती लीग वन) प्ले-ऑफ फायनल, समोर वॉल्सॉल, आपण १-० ने जिंकलो, गोल फर्स्ट हाफच्या इंज्युरी टाईममधे. लीगमधे पाचवे आलो होतो, सेमीला नॉट्स काउंटीला दोन्ही लेग १-०, म्हणजे अख्ख्या प्ले-ऑफमधे एकही गोल खाल्ला नाही आणि प्रत्येक मॅचला एकच मारला, बघायला सुंदर होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. त्याच सीझनला मिल्टन कीन्स डॉन्स लीग टूमधे एकोणिसावे. म्हणजे २०२५-२६ च्या सीझनला आपण लीग वनमधे आणि ते एक पायरी खाली. हे वाक्य टाईप करताना जी मजा येतेय ती का येते, एवढंच खरं तर समजावून सांगायचंय.

फार जुनं पटकन उरकतो. १८८९ ला एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मूळ विम्बल्डन क्लब काढला, विम्बल्डन कॉमनवर खेळायचे आणि कपडे बदलायला तिथल्या एका पबमधे जायचे. १९१२ पासून प्लाऊ लेनचं ग्राउंड. १९७७ ला फुटबॉल लीगमधे (म्हणजे वरच्या चार डिव्हिजनमधे) एंट्री, नऊ वर्षांत १९८६ ला थेट टॉप डिव्हिजन, आणि १४ मे १९८८ ला एफए कप फायनलला लिव्हरपूलला १-०, पेनल्टी अडवली ती पण त्याच मॅचमधे. मी तेव्हा कसबा पेठेत लंगडी खेळत होतो, त्यामुळे त्यावर मी काय बोलणार, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत.

आपल्या कामाची गोष्ट १९९१ ला सुरू होते. हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीनंतर मोठ्या ग्राउंड्सवर सगळ्या प्रेक्षकांना बसायला खुर्ची पाहिजे असा नियम येऊ घातला होता, प्लाऊ लेन छोटं आणि जुनाट, तेव्हाच्या मालकांचं म्हणणं की इथे ते जमणारच नाही. मग क्लब सेलहर्स्ट पार्कला क्रिस्टल पॅलेसच्या ग्राउंडवर भाडेकरू म्हणून गेला. तात्पुरतं म्हणून. भाड्याच्या घरातलं तात्पुरतं म्हणजे काय ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको, तिथे बारा वर्षं काढली. मधल्या काळात जुनं ग्राउंड एका सुपरमार्केट चेनला विकलं गेलं. क्लबच अख्खा डब्लिनला न्यायचा असाही विचार झाला, म्हणजे दुसऱ्या देशात, बरं का. २००० ला प्रीमियर लीगमधून खाली आले, तारीख १४ मे, कप जिंकल्याला बरोब्बर बारा वर्षं त्या दिवशी.

आणि मग ऑगस्ट २००१ ला चेअरमनचं पत्र आलं की क्लब मिल्टन कीन्सला जाणार. मिल्टन कीन्स म्हणजे साठच्या दशकात आखून वसवलेलं नवं शहर, विम्बल्डनहून साधारण नव्वद किलोमीटर, आपल्याकडे पुणे ते वाई धरा. तिथे लीगमधला क्लब नव्हता आणि तिथल्या एका ग्रुपला स्टेडियम बांधायचं होतं, पण स्टेडियमला टीम पाहिजे. खालच्या पायरीपासून क्लब काढून वर यायला पंधरा-वीस वर्षं गेली असती, त्यापेक्षा तयार क्लब आणणं सोपं.

लीगने सुरुवातीला साफ नाही म्हटलं. क्लब लवादात गेला, लवादाने सांगितलं की नाही म्हणायची तुमची पद्धत चुकली, परत विचार करा. मग लीगने ते घोंगडं गळ्यातून काढून फुटबॉल असोसिएशनच्या (एफए) तीन जणांच्या समितीकडे टाकलं, आणि २८ मे २००२ ला समितीने २ विरुद्ध १ असा निकाल दिला की जाऊ दे. एका मताने. लोक अजून त्या एका मताचा हिशोब करतात, तीनातला एक जण जरा वेगळ्या मूडमधे उठला असता तर, वगैरे.

समितीची बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितोय. क्लब रोज तोट्यात होता. स्वतःचं ग्राउंड नाही, विम्बल्डन लंडनच्या ज्या बरोमधे (म्हणजे ज्या कौन्सिलच्या हद्दीत) येतं त्या मर्टनमधे जागा मिळायची चिन्हं नाहीत असं क्लबचं म्हणणं. सेलहर्स्टला स्टेडियम निम्म्याहून जास्त रिकामं. तिकडे गेला नाही तर क्लब बंदच पडेल, म्हणजे मेलेल्यापेक्षा लांब गेलेला बरा. शिवाय आर्सेनल नाही का १९१३ ला नदी ओलांडून हायबरीला गेलं, स्कॉटलंडमधे मेडोबँक थिसल १९९५ ला लिव्हिंग्स्टनला गेलं. हे सगळं ऐकायला ठीक आहे. फक्त आर्सेनल लंडनमधल्या लंडनमधे गेलं, आणि इथे ग्राउंड नाही हे कारण सांगणारा क्लब तोच, ज्याच्या हातून आधी ग्राउंड गेलं. म्हणजे घर विकायचं आणि मग म्हणायचं, आता बेघर आहोत तर परगावी जाऊ द्या. तर ही झाली समितीची बाजू.

निकालात आणखी एक गोष्ट होती ती फॅन्स कधीच विसरले नाहीत. फॅन्स म्हणत होते की क्लब न्यायचा तर न्या, आम्ही इथे शून्यापासून परत सुरू करू. त्यावर समितीने लिहिलं की राखेतून असा क्लब परत उभा करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही. व्यापक हित! ते वाक्य नंतर लोकांनी एवढं वापरलंय की आता तो घरचा जोक झालाय, कुठे जिंकलो की कोणीतरी म्हणतंच, व्यापक हिताच्या विरोधात तीन पॉइंट.

आता शब्दाची भानगड. मिल्टन कीन्सच्या क्लबला विम्बल्डनचे लोक नावाने हाक मारत नाहीत, 'फ्रँचायझी' म्हणतात. मला पहिल्यांदा हे काही झेपलंच नाही. आपल्याकडे फ्रँचायझी म्हणजे आयपीएलची टीम, चहाच्या दुकानाची शाखा, वडापावची गाडी, घेतली फ्रँचायझी तर आईवडील पेढे वाटतात. मी बालेवाडीला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) मॅचेस बघायला जायचो तेव्हा पेपरात पण 'पुण्याची फ्रँचायझी' असंच यायचं, कोणाला काही वावगं वाटलं नाही.

तर इथे लंडनला आल्यावर माझ्या शेजारच्या सीटवर एक आजोबा असतात, थर्मासमधून चहा आणतात आणि मला कधी विचारत नाहीत. दुसऱ्या की तिसऱ्या मॅचला त्यांनी विचारलं, तिकडे घरी कुठली टीम बघायचास. मी सांगितलं, आमच्या शहराची एक फ्रँचायझी होती. ते एकदम गप्प. हाफ टाईमपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, हा शब्द तू स्वतःच्या टीमसाठी वापरतोस? मी म्हटलं हो, आमच्याकडे तेच म्हणतात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी सांगितलंय की आमच्याकडे मुलाला बारशाला 'चोर' असं नाव ठेवतात.

त्यांच्या डोक्यात क्लब म्हणजे जागा. त्या रस्त्यावरचा, त्या बस स्टॉपवरचा. फ्रँचायझी म्हणजे लीगमधली सीट, जी कोणालाही विकता येते आणि कुठेही उचलून नेता येते. आपल्याकडची रचनाच सीटची आहे, त्यामुळे शब्दाला वास येत नाही. पुण्याची ती सीट २०१९ ला हैदराबादला गेली, त्याच वर्षी दिल्लीची भुवनेश्वरला गेली, आणि आता २०२५ मधे हैदराबादची दिल्लीला आली. संगीत खुर्ची. यात कोणाला शिवी देताय असं म्हणू नका, आपल्या नियमात ते बसतं, तिकडे ते बसत नव्हतं आणि तरी केलं एवढाच फरक. त्या निकालानंतर तिकडचे नियम आवळले गेले, असं परत कोणाला सहजी करता येणार नाही. म्हणजे चूक झाली हे कोणी म्हटलं नाही पण दार मात्र लावून घेतलं.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. फॅन्सनी एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला. निकालानंतर महिन्याभरात, २९ जून २००२ ला त्याच विम्बल्डन कॉमनवर ट्रायल ठेवल्या, कोणीही यावं, २३० जण आले. १० जुलैला सटनला पहिली फ्रेंडली, ४-० ने हरले, बघायला साडेचार हजारांवर लोक. नवव्या पायरीवरच्या कंबाइंड काउंटीज लीगमधे सुरुवात, जिथे एरवी प्रेक्षक म्हणजे प्लेयर्सच्या घरचे आणि एखादा कुत्रा, तिथे यांच्या होम मॅचला सरासरी तीन हजार. जुना क्लब तेव्हा वरून दुसऱ्या डिव्हिजनमधे सेलहर्स्टला खेळत होता आणि त्यांची गर्दी याहून कमी होती. तो सप्टेंबर २००३ ला एकदाचा मिल्टन कीन्सला गेला, आधी हॉकीच्या स्टेडियमवर, आणि २००४ ला नाव बदलून मिल्टन कीन्स डॉन्स झाला. 'डॉन्स' मात्र ठेवलं, ते विम्बल्डनचं टोपणनाव, आणि त्यावरून अजून धुसफूस आहे. २०१७ ला ते पाहुणे म्हणून आले तेव्हा आपल्या स्कोअरबोर्डवर 'डॉन्स' लिहिलंच नाही, लीगने चार्ज लावला, मग बोलणी होऊन मिटलं.

इकडे नऊ सीझनमधे पाच प्रमोशन. मधे २००३ ते २००४ लीगच्या ७८ मॅचेस न हरता. २००७ ला एका प्लेयरचं पेपरवर्क अपुरं होतं म्हणून १८ पॉइंट कापले, आरडाओरडा झाल्यावर ते ३ वर आणले. २१ मे २०११ ला मँचेस्टरमधे लूटनविरुद्ध ०-० आणि पेनल्टीवर ४-३, झाले लीगमधे. २००७ मधेच मिल्टन कीन्सने १९८८ च्या एफए कपची प्रतिकृती आणि जुनं सामान मर्टनच्या कौन्सिलकडे परत केलं, आणि ते आता स्वतःचा इतिहास २००४ पासून मोजतात. हे त्यांनी नीट केलं, मान्य आहे. तिकडची आत्ता विशीत असलेली पोरं ज्या क्लबला जातात तो त्यांच्या गावचा क्लब आहे आणि त्यांनी कोणाचं काही चोरलेलं नाही, हेही मान्य, फक्त मॅचच्या दिवशी नाही.

आणि आपलेही हात एकदम धुतलेले नाहीत, हे इथे कोणी सहसा काढत नाही. सुरुवातीची वर्षं क्लब किंग्समेडोला खेळला, ते मूळ किंग्स्टोनियनचं ग्राउंड, ते बिचारे स्वतःच्या घरात भाडेकरू झाले. पुढे आपण ते चेल्सीला विकलं, नवं स्टेडियम बांधायला पैसे हवे होते, आणि २०१७ ला किंग्स्टोनियनला बाहेर पडावं लागलं. तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या ग्राउंडवर. आजोबांना हे विचारलं तर थर्मासचं झाकण उगाच घट्ट करत बसतात.

नवं प्लाऊ लेन ३ नोव्हेंबर २०२० ला उघडलं, डॉन्कास्टरशी २-२, कोविडमुळे आत प्रेक्षकच नाहीत. एकोणतीस वर्षं वाट बघितली आणि पहिली मॅच घरी लॅपटॉपवर. जागा जुन्या ग्राउंडच्या अगदी जवळ, पूर्वी तिथे कुत्र्यांच्या शर्यती व्हायच्या. पैसे कमी पडले तेव्हा फॅन्सनी बाँड घेऊन पन्नास लाख पाउंडांवर उभे केले, क्लबचा मोठा हिस्सा अजून फॅन्सच्या ट्रस्टकडे आहे. जुन्या ग्राउंडच्या जागी आता फ्लॅट्स आहेत, बिल्डिंगना जुन्या प्लेयर्स-मॅनेजर्सची नावं. हेडन्स रोड स्टेशनवरून चालत येताना त्या लागतात, बाल्कन्यांत सायकली आणि वाळत घातलेले टॉवेल.

सप्टेंबर २०२४ ला शेजारची वँडल नदी भरून आली आणि पिचच खचलं, एका कोपऱ्यात माणूस उभा राहील एवढा खड्डा, न्यूकॅसलशी लीग कपची मॅच होती ती त्यांच्याकडे हलवावी लागली. वर्गणी निघाली, पिच परत घातलं, आणि तोच सीझन मे महिन्यात वेम्ब्लीला संपला. त्यामुळे या सीझनकडून लोकांची अपेक्षा साधी आहे, खाली जायचं नाही. लीग वनमधे बहुतेकांचं बजेट आपल्यापेक्षा मोठं आहे. मागच्या वेळी २०१६ ला चढलो तर सहा सीझन टिकलो आणि २०२२ ला पडलो, पडायच्या आधी कित्येक महिने एकही मॅच जिंकली नव्हती, ते दिवस मला परत नकोत.

मिल्टन कीन्सशी २०२५-२६ ला लीगमधे गाठ नाही, पडली तर कपमधेच. मागच्या महिन्यात आजोबांना मी फोनवर हैदराबादची टीम दिल्लीला गेल्याची बातमी दाखवली, आणि सांगितलं की हीच सीट आधी आमच्याकडे होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नीट वाचली. म्हणाले, मग तेव्हा पुण्याच्या लोकांनी काय केलं? मी म्हटलं, काही नाही, आम्ही टीव्हीवर प्रीमियर लीग लावली. त्यांनी फोन परत दिला आणि थर्मास माझ्याकडे सरकवला.