सीएफपी प्रमाणपत्राच्या अटी कशा घडल्या: पार्श्वभूमी

‘सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर’, म्हणजेच सीएफपी, हे बिरुद मिळवू इच्छिणाऱ्याला आज चार अटी पूर्ण कराव्या लागतात: ठरवून दिलेले शिक्षण, सर्वसमावेशक परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि आचारसंहितेचे बंधन. माहितीपत्रकात या अटी एकाखाली एक छापलेल्या असल्याने त्या एकाच बैठकीत ठरल्या असाव्यात असे वाटते. प्रत्यक्षात त्या घडायला कित्येक दशके लागली. त्यांच्यामागे प्रश्न मात्र सुरुवातीपासून एकच होता: घरच्या पैशाबाबत सल्ला देणाऱ्याचे पोट त्याने विकलेल्या योजनेच्या कमिशनवर चालत असेल, तर त्या सल्ल्यावर कुटुंबाने विसंबून राहावे कसे?

या प्रश्नाची संघटित चर्चा अमेरिकेत सुरू झाली. 12 डिसेंबर 1969 रोजी लॉरेन डन्टन यांच्या पुढाकाराने शिकागो येथे तेरा जण एकत्र आले. तेव्हा तेथे आयुर्विमा विकणारा फक्त विमा सांगत असे आणि म्युच्युअल फंड विकणारा फक्त फंड. उत्पन्न, कर, विमा, निवृत्ती आणि वारसा या सगळ्यांचा मिळून विचार करणारा माणूस सामान्य कुटुंबाला सहसा भेटत नसे. या बैठकीतून एक व्यावसायिक संघटना आणि एक शिक्षणसंस्था अशा दोन गोष्टी उभ्या राहिल्या. डेन्व्हर येथील ‘कॉलेज फॉर फायनान्शियल प्लॅनिंग’ने 1972 मध्ये अभ्यासक्रम सुरू केला आणि 1973 मध्ये 42 जणांची पहिली तुकडी सीएफपी होऊन बाहेर पडली. संस्थापकांपैकी बहुतेक जण स्वतः विक्रीच्या व्यवसायातून आलेले होते, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. हा पेशा विद्यापीठात किंवा सरकारी खात्यात जन्मला नाही. बाजारातच जन्मल्यामुळे बाजारापासून अंतर कसे राखायचे हा पेच त्याला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे.

पहिल्या टप्प्यात शिकवणारी, परीक्षा घेणारी आणि बिरुद देणारी संस्था एकच होती. ही रचना फार काळ टिकणे शक्य नव्हते, कारण मागणी वाढताच इतर शिक्षणसंस्थाही या क्षेत्रात उतरल्या आणि बिरुदावर मालकी कोणाची, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. अखेर 1985 मध्ये बिरुदाची मालकी एका स्वतंत्र मंडळाकडे सोपवण्यात आली. हेच मंडळ 1994 पासून ‘सीएफपी बोर्ड’ या नावाने ओळखले जाते. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे. शिकवणारा आणि कस लावणारा वेगळे झाल्यामुळेच पुढची प्रत्येक अट कडक करता आली. विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या संस्थेला ते जमणे कठीण होते.

त्याचा पहिला परिणाम परीक्षेत दिसला. 1991 पासून विषयवार चाचण्यांच्या जागी एकच सर्वसमावेशक परीक्षा आली. दहा तासांची ही परीक्षा दोन दिवसांत विभागलेली असे. 2014 च्या अखेरीस ती संगणकावर आली आणि तिचा कालावधी सहा तासांवर, प्रश्नांची संख्या 170 वर आली. मधल्या काळात एक प्रसंग असा घडला की ज्यावरून या व्यवसायातील लोकांची भूमिका स्पष्ट कळते. 1999 मध्ये बोर्डाने कमी अटींचे एक ‘असोसिएट’ प्रमाणपत्र देण्याचा विचार मांडला. मोठ्या वित्तकंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ते सोयीचे ठरले असते, पण पूर्ण अटी पाळून सीएफपी झालेल्यांनी इतका तीव्र विरोध केला की प्रस्ताव मागे घ्यावा लागला. त्यानंतर अटी वाढतच गेल्या. 2007 पासून पदवी सक्तीची झाली. अनुभवासाठी 6,000 तासांचे, किंवा देखरेखीखालील उमेदवारीच्या स्वरूपात 4,000 तासांचे काम आवश्यक ठरले. प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर दोन वर्षांनी 30 तासांचे पुढील शिक्षणही घ्यावे लागते.

नीतिमत्तेची अट कागदावर आधीपासून होती, तरी तिला धार यायला सर्वाधिक वेळ लागला. ग्राहकाचे हित स्वतःच्या हिताच्या वर ठेवण्याचे विश्वस्तासारखे कर्तव्य आधी केवळ ‘नियोजना’च्या कामापुरते लागू होते. ऑक्टोबर 2019 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने ते कोणताही आर्थिक सल्ला देताना बंधनकारक केले. म्हणजे 1969 मध्ये उपस्थित झालेल्या मूळ प्रश्नाला संहितेत संपूर्ण उत्तर मिळायला पन्नास वर्षे गेली.

अमेरिकेबाहेर हे बिरुद 1990 मध्ये प्रथम ऑस्ट्रेलियात आणि 1992 मध्ये जपानमध्ये पोहोचले. 2004 मध्ये ‘फायनान्शियल प्लॅनिंग स्टँडर्ड्स बोर्ड’ अर्थात एफपीएसबी ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि अमेरिकेबाहेरचे हक्क तिच्याकडे आले. आज जगभरात दोन लाखांहून अधिक सीएफपी आहेत. भारतात त्यांची संख्या अजून काही हजारांतच आहे.

भारतात या शतकाच्या आरंभी वित्तकंपन्यांच्या सहभागाने नियोजकांची एक संघटना उभी राहिली आणि पुढे तिला एफपीएसबी इंडिया असे नाव मिळाले. येथील सध्याच्या नियमित मार्गात गुंतवणूक, निवृत्ती व करनियोजन, जोखीम व वारसानियोजन असे टप्पे पार केल्यावर या सगळ्यांची सांगड घालणारा एकात्मिक अभ्यासक्रम आणि अंतिम परीक्षा असते. सनदी लेखापालांसारख्या आधीच पात्र असलेल्या व्यावसायिकांना जलद मार्ग उपलब्ध आहे. भारतीय अभ्यासक्रमात हिंदू अविभक्त कुटुंब, आयकर कायदा, भविष्यनिर्वाह निधी आणि येथील वारसाकायदे शिकावे लागतात, आणि ते योग्यच आहे. डेन्व्हरमधील निवृत्तीचे गणित डोंबिवलीतल्या कुटुंबाला लागू पडत नाही.

मात्र भारतात एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण अनेक उमेदवारांची आणि ग्राहकांचीही येथेच गल्लत होते. सीएफपी हे एका खासगी संस्थेचे प्रमाणपत्र आहे. शुल्क घेऊन गुंतवणूकसल्ला देण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. तो अधिकार सेबीच्या, म्हणजे भांडवली बाजाराच्या सरकारी नियामक संस्थेच्या, नोंदणीतून येतो आणि त्या नोंदणीलाही स्वतःचा इतिहास आहे. 1 ऑगस्ट 2009 पासून सेबीने म्युच्युअल फंडांवरील प्रवेशभार रद्द केला. तोपर्यंत समभाग योजनांत गुंतवलेल्या रकमेतून साधारण 2.25 टक्के कापले जात आणि त्यातून वितरकाला कमिशन मिळे. 1 जानेवारी 2013 पासून वितरकाविना घेता येणाऱ्या ‘डायरेक्ट’ योजना आल्या आणि त्याच महिन्यात गुंतवणूक सल्लागारांचे विनियम अधिसूचित झाले. त्यात पदव्युत्तर शिक्षण किंवा पदवीसह पाच वर्षांचा अनुभव, शिवाय प्रमाणपत्र, अशी पात्रता ठरली. प्रमाणपत्रासाठी एफपीएसबी इंडियाचा उल्लेख होता, पण त्याला एनआयएसएमची मान्यता आवश्यक होती. रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे संकुल असलेली एनआयएसएम ही सेबीचीच प्रशिक्षण व परीक्षा घेणारी संस्था आहे. तिच्या दहा-अ आणि दहा-ब या परीक्षा सल्लागार होऊ पाहणाऱ्यांसाठी नेहमीची वाट बनल्या.

2020 मध्ये या अटी फारच कडक झाल्या. पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभव दोन्ही लागू लागले, व्यक्तीसाठी किमान निव्वळ मालमत्तेची अट एक लाखावरून पाच लाख रुपयांवर गेली. एकाच ग्राहक-कुटुंबाला सल्लाही द्यायचा आणि कमिशनवर योजनाही विकायची, यास मनाई झाली. केवळ वितरक असलेल्यांना स्वतःला ‘वेल्थ अॅडव्हायझर’ म्हणवून घेण्यासही बंदी आली. ही शेवटची दोन बंधने मला पूर्णपणे रास्त वाटतात. शिक्षण, अनुभव आणि मालमत्तेच्या एकत्रित ओझ्याने मात्र नवे लोक या क्षेत्रात येईनासे झाले. म्युच्युअल फंडांचे वितरक लाखाच्या वर असताना नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आसपासच राहिले. डिसेंबर 2024 च्या दुरुस्तीने सेबीने पदवी पुरेशी मानली, अनुभवाची अट काढली आणि निव्वळ मालमत्तेऐवजी ग्राहकसंख्येनुसार ठेव ठेवण्याची तरतूद केली.

परिणामी आज भारतात कायद्याच्या अटी सैल झाल्या आहेत, तर सीएफपीच्या अटींत अनुभव कायम आहे. अनुभव नसलेला पदवीधर एनआयएसएमच्या परीक्षा देऊन सेबीकडे सल्लागार म्हणून नोंदणी करू शकतो, पण त्याला सीएफपी म्हणवून घेता येत नाही. उलट, बँकेत नोकरी करणारा अनुभवी सीएफपी नोंदणीशिवाय स्वतःच्या नावावर सल्ल्याचे शुल्क आकारू शकत नाही. त्यामुळे ज्याला हा पेशा स्वतंत्रपणे करायचा आहे त्याने दोन्ही वाटांची तयारी सुरुवातीपासून एकत्र करावी आणि ग्राहकानेही प्रमाणपत्राबरोबर सेबीचा नोंदणी क्रमांक विचारावा.