ओंडका पुन्हा जागेवर : राखीव रानातल्या उन्हाळी डे कॅम्पची पार्श्वभूमी

अमेरिकेत 'प्रिझर्व्ह' म्हणवणाऱ्या राखीव रानात मुलांचा डे कॅम्प, म्हणजे सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतायचं शिबिर, भरवणं हे मुळातच थोडं उफराटं काम आहे. जागा राखली ती माणसांचा वावर कमी राहावा म्हणून, आणि सुट्टी लागली की रोज सकाळी तिथेच बसभर मुलं उतरतात. या कॅम्पवरून जे वाद होतात, त्यांपैकी बरेचसे या एका विसंगतीतून निघतात.

शिबिरांचा इतिहास सहसा १८६१पासून मोजतात. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक आपल्या मुलांना घेऊन चालत समुद्रकाठी गेले आणि तंबू ठोकून राहिले. यादवी युद्ध नुकतंच सुरू झालं होतं, मुलांना सैनिकांसारखं राहायचं होतं. पुढची कित्येक वर्षं शिबिर म्हटलं की मुक्कामी, मुलग्यांचं आणि बऱ्यापैकी पैसेवाल्या घरांतलं, असंच समीकरण होतं. १९०७मध्ये इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर ज्या प्रयोगातून बालवीर चळवळ उभी राहिली, तोही मुक्कामीच. या सगळ्यांत रान होतं ते मागच्या पडद्यासारखं. पोहणं, वल्हवणं, शेकोटी हे खरं काम.

रान हाच विषय झाला तो शाळांमुळे. १९व्या शतकाच्या शेवटच्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या एका कृषी महाविद्यालयाने शिक्षकांसाठी निसर्ग-अभ्यासाची पत्रकं काढायला सुरुवात केली. १९११मध्ये त्यातून एक जाडजूड हस्तपुस्तिका निघाली. म्हणणं साधं होतं : आधी वस्तू बघा, पुस्तक मागून. १९२०मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांना फुकट हिंडवून माहिती देणारे मार्गदर्शक नेमले गेले आणि १९३०मध्ये तिथे मुलांसाठी वेगळी निसर्गशाळा निघाली. दिवसा यायचं, शिकायचं, संध्याकाळी आईबापांच्या तंबूत परत. आजच्या डे कॅम्पचा साचा तिथे ओळखू येतो.

उन्हाळ्याची लांब सुट्टी शेतीच्या कामांसाठी ठेवली गेली, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. अमेरिकेतल्या खेड्यांतल्या शाळा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात भरत, बंद राहत त्या पेरणी-कापणीला. शहरांतल्या शाळा जवळजवळ वर्षभर चालत. लांब सुट्टी आली ती शहरांतून : तापलेल्या इमारती, आणि ऐपत असलेली कुटुंबं उन्हाळ्यात गावाबाहेर जायची म्हणून रिकामे पडणारे वर्ग. ज्यांना कुठे जाता येत नव्हतं त्यांच्या मुलांचं काय करायचं, हा प्रश्न सुट्टीबरोबरच जन्माला आला. डे कॅम्प हे त्याचं एक उत्तर.

या उत्तराला खरा जोर मात्र निसर्गप्रेमाने दिला नाही, करनियमाने दिला. नोकरी करता यावी म्हणून मूल सांभाळायला ठेवण्याच्या खर्चावर अमेरिकेत करसवलत आहे. १९८७च्या कायद्याने त्यातून मुक्कामी शिबिरं वगळली आणि डे कॅम्प राहू दिले. त्यामुळे १३ वर्षांखालच्या मुलाला रानात दिवसभर ठेवलं तर तो पाळणाघरासारखा खर्च, रात्री ठेवलं तर चैन. कॅम्पच्या वेळा कचेरीच्या वेळांशी का जुळतात आणि 'लवकर सोडा, उशिरा न्या' याचे वेगळे पैसे का पडतात, ते इथे कळतं. पक्षी बघायचे तर पहाटे यायला हवं. पण पहाटे कचेऱ्या उघडत नाहीत.

आता त्या 'प्रिझर्व्ह' शब्दाकडे. मराठीत आपण सरसकट 'अभयारण्य' म्हणून मोकळे होतो आणि मूळ गुंता तसाच राहतो. इलिनॉय राज्यात १९१३च्या कायद्याने शिकागोच्या भोवतालची जंगलं 'फॉरेस्ट प्रिझर्व्ह' म्हणून घेण्याची वाट मोकळी झाली. त्या कायद्यात हेतू दुहेरी आहे : जंगल होता होईल तो नैसर्गिक स्थितीत राखायचं, आणि ते लोकांच्या शिक्षणासाठी, आनंदासाठी, विरंगुळ्यासाठी. म्हणजे मुलं तिथे हक्काने आली. १९६३मध्ये त्याच राज्याने 'नेचर प्रिझर्व्ह' नावाचा दुसरा, बराच कडक दर्जा निर्माण केला. त्यातलं पहिलं क्षेत्र १९६४मध्ये मिशिगन सरोवराच्या काठी घोषित झालं. तिथे परवान्याशिवाय काडी उचलायची सोय नाही. गंमत अशी की, एका प्रिझर्व्हच्या पोटात दुसरं प्रिझर्व्ह असू शकतं. पाऊलवाट तीच, मध्ये फक्त एक पाटी. पाटीच्या अलीकडे बेडूक पकडणारं मूल कॅम्पचं ठरलेलं काम करत असतं, पलीकडे तेच मूल नियम मोडत असतं.

केंद्रीय पातळीवर तर उलटाच प्रकार. १९७४मध्ये फ्लोरिडात आणि टेक्ससमध्ये पहिली 'नॅशनल प्रिझर्व्ह' झाली, ती राष्ट्रीय उद्यानापेक्षा सैल : शिकार चालते, तेल-वायू काढणंही पूर्ण बंद नाही. खासगी न्यास आपल्या जमिनीला 'प्रिझर्व्ह' म्हणतात तेव्हा त्या शब्दामागे कधी कायदा असतो, कधी नुसती इच्छा. तेव्हा माहितीपत्रकात 'प्रिझर्व्हमधला कॅम्प' असं वाचून तिथे मुलांना काय करता येईल याचा काही अंदाज बांधता येत नाही.

पण सगळ्यात जास्त भांडण झालं ते एका साध्या प्रश्नावर : सापडलेलं उचलायचं की नाही? पहिल्या पिढीतल्या निसर्गशिक्षकांना यात प्रश्नच दिसत नव्हता. फुलपाखरं टाचणीला लागत, अंडी पेटीत जात. मग टोप्यांवरच्या पिसांसाठी पक्ष्यांची कत्तल झाली आणि तिला आळा घालणारा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा १९१८मध्ये अमेरिकेत आला. पीस आपोआप गळलेलं की पक्षी मारून काढलेलं, हे पिसाकडे बघून सिद्ध करता येत नाही. म्हणून बाळगणंच बेकायदा. सात वर्षांच्या मुलीला ब्लू जे या तिथल्या रानपक्ष्याचं निळं, काळ्या पट्ट्यांचं पीस सापडतं. ती ते मुठीत धरून धावत येते. तिला सांगावं लागतं : बघ, चित्र काढ, होतं तिथे ठेव. त्याच वाटेवर कबुतराचं पीस सापडलं तर खुशाल खिशात घाल, कारण कबुतर बाहेरून आणलेला पक्षी. रानटी टर्कीचंही चालतं, तो पक्षी या कायद्याच्या यादीत नाही. हे मुलीला समजावून सांगणाऱ्याची मला दया येते.

कायद्याच्या वर नंतर एक आचारसंहिता चढली. 'मागे खूण ठेवू नका' हा विचार मुळात दुर्गम भागात पाठीवर ओझं घेऊन हिंडणाऱ्या प्रौढांसाठी घडला. १९९४मध्ये त्याचा प्रसार करायला स्वतंत्र संस्था निघाली आणि 'सापडलेलं तिथेच राहू द्या' हे सूत्र हळूहळू कॅम्पच्या पहिल्या दिवशीच्या सूचनांत येऊन बसलं. माझं मत लपवत नाही : आठवडाभर डोंगरात राहणाऱ्याला जे शोभतं, ते दगडाखाली काय आहे हे पहिल्यांदा बघणाऱ्या मुलाला जसंच्या तसं लावणं ही चूक होती. २००५मध्ये 'निसर्गाची कमतरता' हा शब्दप्रयोग एका पुस्तकाने गाजवला आणि लंबक उलटा फिरला. तो वैद्यकीय आजार नाही, पण माहितीपत्रकांत अजूनही आजारासारखाच छापला जातो. त्याच्या रेट्याने अनेक निसर्गकेंद्रांनी एक कोपरा मोकळा सोडला : इथे खणा, फांद्या मोडा, झोपडी बांधा. यातही नवं फार नव्हतं. कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला १९४३पासूनच मुलांना मोडतोडीचं सामान देऊन मैदानात सोडलेलं होतं. अशा कोपऱ्यांवर आक्षेप असा की, तुडवून तुडवून तिथली माती घट्ट होते आणि जमिनीवर घरटं करणारे पक्षी निघून जातात. आक्षेप खरा आहे. म्हणून कोपरा लहान ठेवतात.

उरलेल्या रानात तडजोड झाली ती ओंडक्यापाशी. कुजका ओंडका उलटायचा, पण आपल्याकडे ओढून, म्हणजे खाली जे असेल त्याला पलीकडे पळायला वाट राहते. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांत खाली बहुधा लाल पाठीचा सॅलमँडर असतो, सरड्यासारखा दिसणारा पण बेडकाच्या गोतातला, बोटाएवढा. त्याला फुप्फुसं नसतात, तो ओल्या कातडीतूनच श्वास घेतो. म्हणून हात ओले हवेत, त्यांना मलम-फवारा काही लागलेलं नको. बघून झालं की ओंडका होता तसाच खाली, खालची ओल उडायच्या आत. २०१६मध्ये सॅलमँडरांना मारणाऱ्या परदेशातल्या एका बुरशीच्या भीतीने अमेरिकेने सॅलमँडरच्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हापासून काही ठिकाणी हातही लावू देत नाहीत.

आणि हे नियम पाळायचे गोचिडांच्या हंगामात. १९७५मध्ये लाइम गावात मुलांचे सांधे सुजू लागले आणि त्या तपासातून गोचिडांमुळे होणारा आजार उजेडात आला. गाव कनेटिकटातलंच, जिथून १८६१ची ती पायपीट निघाली होती. खसखशीएवढी पिल्लं नेमकी उन्हाळ्याच्या सुरुवातीला चावतात. त्यामुळे विजारीचे पाय मोज्यांत खोचायचे, घरी गेल्यावर गुडघ्यांमागे नि केसांत बघायचं आणि निघण्यापूर्वी फवारा मारायचा. तोच फवारा, जो सॅलमँडरला चालत नाही. म्हणून कॅम्पमध्ये सकाळी मोठी माणसं मुलांच्या बुटांवर नि मोज्यांवर फवारतात, आणि मुलं तळवे वर धरून उभी राहतात.